अप्पांची जागा

आमच्या थोरल्या लेकीला, शिवलीलेला, जुळी झाली त्या साली येळवशीला अप्पांनी आपली जागा मोजली.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. आमच्या लातूरकडे त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही. सगळं गाव शेतावर. कडब्याची कोप उभी करायची, आत दगडाचे पांडव मांडायचे, भज्जी, उंडे आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा आणि ओळखीचा-अनोळखीचा जो बांधावरून जाईल त्याला हात धरून जेवायला बसवायचं. त्या साली दुष्काळ होता. लिंबाळवाडीच्या शिवारात बहुतेक रानं काळी पडलेली. आमच्या गटातली तेवढी अठरा रानं हिरवी होती. हरभरा गुडघ्याला लागत नव्हता, पण उभा होता.

मी आंबिलीची बिंदगी रिकामी करून धूत होते. अप्पा, म्हणजे माझे सासरे गुरुसिद्धप्पा, कोपीजवळ दिसेनात. बघते तर ते अव्वाच्या चौथऱ्यापाशी. माझ्या सासूबाईंना तिथे ठेवून तेव्हा बावीस वर्षं झाली होती. अप्पांनी काठीनं जमिनीवरचं भुसकट बाजूला सारलं होतं आणि टाचेला अंगठा लावत ते एकेक पाऊल टाकत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. वाऱ्यानं धोतर फडफडत होतं.

"काय करूलालाव, अप्पा?"

"मोजूलालो. सहा. बोलू नको, चुकंल."

मी उभी राहिले. सात, आठ, नऊ झाली. तिथे त्यांनी काठी रोवली आणि हसले.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून पुरतात. हातात इष्टलिंग देतात, कपाळाला विभूती, मांडीवर बेल. खड्डा ज्याचा त्याच्या पावलानं नऊ पावलं. जमेल त्यानं आपल्याच रानात आपली माणसं ठेवावीत असा आमचा रिवाज.

"आत्ताच कशाला मोजायचं? कुठं निघालाव का?" मी म्हटलं.

"मेल्यावर माझं पाऊल कोण मोजणार? शरण्या? त्यानं कधी बैलाचं दावंसुद्धा नीट मापात कापलं न्हाई."

शरणप्पा म्हणजे माझे मालक. ते कोपीत बसून हे ऐकत होते. "अप्पा, सणाच्या दिवशी तर सोडा मला," ते तिथूनच ओरडले.

"तुला सोडलंय म्हणूनच तर मी मोजूलालो."

तेवढ्यात शेजारच्या रानातून वैजनाथभावजी लगबगीनं आले. आमच्या भावकीतले. मातीच्या गटाचे अध्यक्ष. हातात उंडा होता, तोंडात घास होता.

"अप्पा, भुसकट कामून सरकवलं?"

"माझी जागा बघूलालो. हितं, तुझ्या काकीच्या डाव्या अंगाला."

वैजनाथभावजींनी घास गिळला. माझ्याकडे बघितलं, मालकांकडे बघितलं.

"अप्पा, ही जागा गटात बसतीया. इथं कुदळ कशी घालणार?"

"मग मला टोकणयंत्रानं पेरा."

सगळे हसले. बांधापलीकडून गटातलीच संगाबाई ऐकत होती. ती हसली नाही. पदरानं तोंड पुसून कोपीकडे वळली.

हसणं संपल्यावर अप्पांनी काठीनंच भुसकट पुन्हा त्या जागेवर ओढून घेतलं. नीट, एकसारखं.

गटाची गोष्ट त्याच्या तीन वर्षं आधीची. पुण्याच्या एका कंपनीचा हुंडेकरी नावाचा पोरगेला साहेब गावात आला. महादेवाच्या देवळात सभा झाली. तो सांगत होता की हवेत जी घाण साठलीय, गाड्यांची, कारखान्यांची, ती पिकं पानांतून ओढून घेतात आणि मुळांतून जमिनीत नेतात. त्याला कर्ब म्हणायचं. जमीन नांगरली, वखरली, की तो कर्ब उघडा पडतो आणि पुन्हा वर जातो. जमीन झाकून ठेवली, धसकटं, भुसकट, कडबा रानातच कुजू दिला, तर तो तिथंच राहतो. जितका राहील त्याचे पैसे बाहेरदेशातले लोक देतात.

अप्पा पुढच्याच रांगेत होते. "म्हंजी शहरानं हागायचं आन् आमच्या रानात पुरायचं?"

देऊळ हसून फुटलं. हुंडेकरीसुद्धा हसला. "तसंच समजा, आजोबा. पण त्यानं तुमचं रान मऊ होईल. पाणी धरेल."

"आन् माझ्या नांगराचं काय करू? सत्तर वर्षं हाकलाय."

"जरा विसावा द्या त्याला. तुम्हालाही."

मग त्यानं कागद काढले. सात वर्षांचा करार. अठरा शेतकरी, सलग रानं, सगळ्यांचा एक गट. तो एकेक पान वाचून दाखवू लागला. दुपारची वेळ, चहा फिरत होता, लेकरं रडत होती, मागच्या बाया एकमेकींना विचारत होत्या की मग चुलीला धसकटं आणायची कुठून. कुणी ऐकत होतं, कुणी नाही. मीच उठून बोलले. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. अंगठ्याची शाई बोटावर चार दिवस राहते एवढंच माझं कागदाशी नातं.

मी म्हटलं, "साहेब, कागद कोण वाचणार? आज अंगठा देतील, उद्या म्हणतील आम्हाला कळलं न्हवतं. आमच्यात खरं करायचं असंल तर बेलभंडार उचलतात. अठरा घरांनी पिंडीवरचा बेल हातात घ्यावा आन् म्हणावं, सात वर्षं या मातीत लोखंड घालणार न्हाई. एकानं मोडलं तर सगळ्यांचं मोडलं."

हुंडेकरी म्हणाला, "काकू, एवढ्याची गरज नाही, कागदात सगळं..." पण त्याचं पुढचं कुणी ऐकलं नाही. बायांनी माझी बाजू उचलली. मठपतींनी पिंडीवरचा बेल आणि विभूती ताटात घेतली आणि अठरा घरांनी एकामागून एक हात लावला. अप्पांनीही लावला. माझ्या शब्दाला देवळात मान मिळाला असा तो पहिलाच दिवस. खोटं कशाला सांगू, घरी जाताना माझी चप्पल जमिनीला लागत नव्हती.

पहिलं वर्ष वाईट गेलं. तण माजलं. कोळपायचं नाही म्हणून बायांनी विळ्यानं वरच्यावर कापलं. बोटं सोलली. चुलीला जळण नाही, जनावराला कडबा अर्धा. बाहेरच्या शेतकऱ्यांनी आमच्या रानांना नाव पाडलं, आळशाची वावरं. बैलांना कामच उरलं नाही. एकेक करून बाजारात गेले. संगाबाईनं तेवढा आपला हौशा विकला नाही. ती विधवा बाई, पोटी लेकरू नाही, नवरा गेल्यावर तिचं रान हौशानंच हाकलं होतं.

दुसऱ्या वर्षी भुसकटाखाली हात घातला की ओल लागायला लागली. अप्पा रोज बांधावर बसून मातीचं ढेकूळ फोडायचे. एकदा हाक मारून मला तळहात दाखवला. दोन गांडुळं होती. "महानंदे, माझ्या बापाच्या वेळेला दिसायची. मी समजलो होतो की दात पडले म्हणून आता मला दिसत न्हाईत."

तिसऱ्या वर्षी पाऊसच आला नाही, आणि आमची रानं काय होती ते सगळ्या गावाला दिसलं. नाव पाडणारे येऊन विचारायला लागले.

पण त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, हौशा मेला. कडबा रानात कुजवायचा आणि वैरण बाजारातून आणायची, ती दुष्काळात मिळेना. बसला तो उठला नाही. संगाबाईनं भावाच्या हाती कुदळ देऊन रानात खड्डा घ्यायला सांगितला. आमच्याकडे घरचा बैल घरच्या रानात पुरतात. मला कळलं तशी मी पाच-सहा बाया घेऊन तिच्या बांधावर गेले. हातभर खड्डा झाला होता.

"संगाबाई, बेलभंडार उचललाय तू."

"बैल हाय गं तो, महानंदा. लेकरासारखा."

"मला काय कळत न्हाई का? पण आज बैल, उद्या कुणी म्हणंल मला आळं करायचंय. मग सात वर्षं कशी निघायची?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग भावाला म्हणाली, "बुजव रे." हौशाला ट्रॅक्टरला बांधून ओढ्यात नेऊन टाकलं. चार दिवस तिकडून वास येत होता. गावात मला बाया म्हणाल्या, तू होतीस म्हणून गट टिकला. मलाही तसंच वाटलं.

येळवशीनंतर चौथ्या दिवशी अप्पांना ताप भरला. गावच्या डॉक्टरनं सलाईन लावलं, लातूरला न्या म्हणाला. अप्पा म्हणाले, लातूरला प्यायला पाणी न्हाई, मी तिथं जाऊन कुणाचं पाणी पिऊ? गेले नाहीत. खाणं सुटलं. शेवटच्या संध्याकाळी मालक दवाखान्यात औषधाला गेले होते, घरात मी आणि ते. तेव्हा ते माझ्याशी थोडं बोलले. मग डोळे मिटून पडले. सकाळी दूध काढून आले तर संपलं होतं.

तासाभरात अंगण भरलं. मठपती आले. अप्पांना अंघोळ घातली, विभूतीचे पट्टे ओढले, भिंतीला टेकवून बसवलं. हनुवटीखाली पांढरं फडकं बांधलं होतं. बसलेलं माणूस मेलेलं वाटत नाही. अंगणात जे काही बोलणं होत होतं ते सगळं त्यांच्यासमोर.

गल्लीतले तिघे कुदळ-फावडी घेऊन उभे. "खड्डा कुठं घ्यायचा?"

मालकांनी वैजनाथभावजींकडे बघितलं. भावजींनी जमिनीकडे बघितलं.

"शरणप्पा, तूच सांग," ते म्हणाले. "अप्पांनी जागा मोजलेली सगळ्यांनी बघितलीय. शेवटी म्हातारं माणूस हाय. गट डोळे झाकंल. अठरा घरं हाईत, कुणी चाड्या करणार न्हाई."

"शपथ हाय की," कुणीतरी मागून म्हणालं.

"देव काय एवढा मोजून बसत न्हाई," मठपती म्हणाले. "मी शांत करून देतो. एक अभिषेक करू."

मालकांचे डोळे लाल झाले होते. ते तसे मऊ माणूस. ज्यानं शेवटी हाक मारली त्याचं ऐकणारे. ते माझ्याकडे वळले. "महानंदा, काय करावं?"

संगाबाई दारात बसली होती. बसलेल्या आवाजात ती म्हणाली, "घाला बाई त्यांच्या रानात. माणूस हाय. मी काय बोलणार न्हाई."

एवढंच. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी उलटून बोलले असते आणि सुटले असते. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं, ज्या बाया माझ्याबरोबर तिच्या बांधावर आल्या होत्या त्यासुद्धा.

मी उभी राहिले. पदर डोक्यावर घेतला आणि म्हटलं, "अप्पांनी काल मला सांगितलंय. म्हणाले, मला रुद्रभूमीत न्या. माझ्यापायी बेलभंडार मोडू नका."

 मग मालकांच्या तोंडून हुंदका आला. वैजनाथभावजींनी खांद्यावरचं उपरणं काढून डोळ्याला लावलं. "असा माणूस व्हायचा न्हाई," ते म्हणाले. "स्वतः मोजलेली जागा सोडली." कुणीतरी हर हर महादेव म्हटलं, सगळ्यांनी म्हटलं. कुदळवाले ओढ्याच्या वाटेला लागले.

आमची रुद्रभूमी ओढ्याच्या काठाला आहे. वर हातभर माती, खाली मुरूम, त्याच्याखाली खडक. ज्यांना रान नाही त्यांना तिथे ठेवतात. पहारी लावूनही खड्डा कमरेच्या वर गेला नाही. दुपार टळली. मठपती म्हणाले, चालवून घेऊ. अप्पांना बसवलं तर डोकं वरच्या काठाला येत होतं. वरून दगड रचून मग माती ओढली. मालकांनी पावलं मोजायला घेतली होती, पण सहाच्या पुढे खडक होता.

येताना आम्ही रानावरून आलो. हरभरा वाऱ्यावर हलत होता. 

तिसऱ्या दिवशी सकाळी हुंडेकरी आला. मातीचे नमुने घ्यायची त्याची तारीख ठरलेली होती. त्याच्याबरोबर मातीत फिरवायचं लांब गिरमिट. अप्पा दरवेळी त्याला चिडवायचे, तुझं गिरमिट काय लाकडाचं हाय का रे, लोखंड कसं चालतंय तुला? तो बांधावर आला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "आजोबा कुठायत? आज शिव्या नाहीत?"

मालकांनी सांगितलं. त्यानं गिरमिट खाली ठेवलं. बूट काढले आणि चौथऱ्याकडे निघाला. "इथेच ठेवलं ना, आजींजवळ? ते मला दाखवायचे ही जागा."

"न्हाई," वैजनाथभावजी म्हणाले. "ओढ्याकाठी. गटासाठी अप्पांनी जागा सोडली. माती उघडायची न्हाई म्हणून."

हुंडेकरी थांबला. "कुणी सांगितलं उघडायची नाही?"

"तुमचा करार. सात वर्षं."

"अहो, पण समाधीला कुठे मनाई आहे?" त्यानं पाठीवरची पिशवी काढली, आतून कागद काढले, पानं उलटली. "हे बघा. पान चार. राहतं घर, विहीर, गोठा, समाधी, मेलेलं जनावर पुरणं, यासाठी प्रत्येक शेतात दोन गुंठ्यांपर्यंत जमीन खोदली तरी चालते. मी देवळात वाचून दाखवलं होतं सगळ्यांना. तुमच्याकडची पद्धत माहीत होती म्हणून मुद्दाम घालून घेतलं होतं मी ते. भांडून."

त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं होतं. मी जवळ जाऊन बघितलं. मला त्याचं बोट दिसत होतं. नखात माती होती. बोटाखाली मुंग्यांची रांग.

"मेलेलं जनावर?" मी विचारलं.

"हो काकू. बैल, म्हैस, काहीही."

 मालक म्हणाले, "मग आता आणायचं का त्यास्नी इथं?" मठपतींना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बसवलेल्याला उठवत नसतात," ते म्हणाले.

हुंडेकरीनं नमुने घेतले. गिरमिट फिरवताना त्याचं लक्ष नव्हतं, दोनदा चुकीच्या पिशवीवर नाव घातलं. महिन्यानं निकाल आला. कर्ब वाढला होता. पहिल्या साली अर्ध्या टक्क्याच्या बराच खाली होता, आता अर्ध्याच्या वर गेला. अठरा रानांत आमचं सगळ्यांत वर. कंपनीनं पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर अप्पांचा फोटो छापला. ढेकूळ हातात घेतलेला. खाली काय लिहिलं होतं ते मालकांनी मला वाचून दाखवलं, की या आजोबांनी मातीसाठी आपली शेवटची जागा दिली. ते कॅलेंडर अठरा घरांत लागलं. आमच्या घरात ते वर्ष संपल्यावरही भिंतीवर राहिलं.

संगाबाईकडे मी त्याच आठवड्यात गेले. ती तांदूळ निवडत होती.

"कागदात हाय म्हणे, जनावर पुरायला चालतंय."

"ऐकलं मी."

"माझ्यानं चूक झाली, संगाबाई."

तिनं सूप बाजूला ठेवलं नाही. खडे वेचत राहिली. "मला सांगायला येऊ नको गं. चालत न्हाई असं वाटत हुतं तवा मी झोपत हुते."

त्या पावसाळ्यात गावात प्रौढांचा वर्ग निघाला. शाळेच्या बाई दुपारी दोन ते चार शिकवायच्या. मी चौपन्न वर्षांची. पहिल्या दिवशी पाटीवर रेघ सरळ येईना. बाईंनी विचारलं, कशासाठी शिकायचंय? बाकीच्या बाया म्हणाल्या बसची पाटी, बँकेची सही, नातवाचं पत्र. मी म्हटलं, पान चार. बाईंना वाटलं मी थट्टा करते. दीड वर्षानं मी ते पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. एका बैठकीत झालं नाही, तीन दुपारी लागल्या. हुंडेकरी बोलला होता ते सगळं त्यात होतं. समाधी हा शब्द मोठा नव्हता. तीन अक्षरं.

आणि लिहिता यायला लागल्यावर मी सगळ्यांत आधी काय लिहिलं असेल तर अप्पांचं त्या शेवटच्या संध्याकाळचं बोलणं. वहीत लिहिलं आणि पान फाडून चुलीत घातलं. आता पुन्हा लिहिते.

मालक औषधाला गेले होते. मी अप्पांच्या उशाशी बसून भाताची पेज चमच्यानं घालत होते. त्यांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "महानंदे, बेलभंडार तुझा. तूच उभी राहून बोलली हुतीस. पण मला त्या मुरमाड्यात नेऊ नका गं. तिथं माती न्हाई. तुझ्या सासूजवळ ठेवा. दंड काय बसायचा तो बसू दे, मी देवाला सांगतो."

मी म्हटलं, "तिथंच ठेवणार, अप्पा. तुमची जागा तीच."

"शब्द?"

"शब्द."

त्यांनी माझा हात धरला होता, तो सोडला. मग पेज घेतली. चार चमचे.

दुसऱ्या दिवशी अंगणात मी जे बोलले ते अप्पांचं नव्हतं. माझं होतं. मेलेला माणूस समोर बसून ऐकत होता आणि मी त्याच्या तोंडात माझं वाक्य घातलं, कारण संगाबाईच्या समोर मला हलकं व्हायचं नव्हतं. गट डोळे झाकायला तयार होता. मठपती तयार होते. कागदसुद्धा तयार होता.

निकालानंतर कंपनीनं दोन वर्षं पैसे दिले. तिसऱ्या वर्षी थोडे दिले. मग बाहेरदेशात कर्बाचा भाव पडला म्हणाले, हुंडेकरीची बदली झाली, फोन लागेना. गट मोडला असं कुणी म्हटलं नाही, पण एका वैशाखात वैजनाथभावजींनी ट्रॅक्टर लावून आपलं रान पलटी नांगरानं खोल उलटं केलं. सहा वर्षांचं भुसकट, गांडुळं, ओल, सगळं एका दुपारी उन्हात. बगळे चार दिवस तिथून हलले नाहीत. मागोमाग बाकीचे. आमचं सहा एकर आणि संगाबाईचं अडीच एकर मात्र अजून उघडलेलं नाही. तिनं का उघडलं नाही ते मी विचारलं नाही. तिनंही मला नाही.

अप्पा गेल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात ओढ्यानं रुद्रभूमीचा काठ खाल्ला. मालक रोज सकाळी जाऊन दगड रचायचे. दोन उन्हाळे त्यांनी एकट्यानं छातीएवढी भिंत घातली. पाठ गेली त्यात. मी म्हणायचे, मजूर लावू. ते म्हणायचे, "अप्पांनी गावासाठी एवढं केलं, मला एवढं करू दे." बाप बोलायचा ते त्यांना जन्मभर लागत आलं होतं. आता तोच बाप त्यांच्या मनात डोंगराएवढा झाला होता. लोक ओढ्याकडं बोट दाखवून लेकराला सांगायचे, तो बघ, तो त्यांचा मुलगा. मालक तेव्हा ताठ चालायचे. लग्नात जेवढे ताठ होते त्याहून ताठ.

किती वेळा सांगायचं ठरवलं. एकदा तर वाढता वाढता तोंडापर्यंत आलं. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "काय गं?" मी म्हटलं, "मीठ कमी हाय का?"

शेवटी त्यांना छातीचा त्रास सुरू झाला. रानात माझ्याशेजारी बसले असताना एक दिवस ते म्हणाले, "महानंदा, मला इथं ठेवू नको. अप्पांच्या शेजारी ठेव. त्यांनी सोडली ही जागा, मी कामून धरू?"

"इथं अव्वा हाय," मी म्हटलं. "कागदाचंबी आता काय न्हाई."

"कागदाचं न्हवतंच कधी. अप्पांचा शब्द हुता." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "शब्द दे."

मी शब्द दिला आणि तो पाळला.

माझे सासरे गुरुसिद्धप्पा कलशेट्टी १८ जानेवारी २०१६ ला, सोमवारी सकाळी वारले. माझे मालक शरणप्पा ९ ऑगस्ट २०२१ ला वारले, तोही सोमवार होता, श्रावणातला पहिला. दोघंही ओढ्याकाठच्या रुद्रभूमीत आहेत. मालकांना मी खरं सांगितलं नव्हतं.